आवाज कोरडा झालाय

पावसाळ्यात आमची लाँच दुरुस्तीसाठी वर चढवली आहे, म्हणून सध्या सोलापुरात घरी आहे. इथं पूर्व भागात जो भेटतो तो विचारतो, समुद्रात नेमकं काय झालं होतं? म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

मी गेटवे ते घारापुरी फेऱ्या मारणाऱ्या लाँचवर इंजिन ड्रायव्हर आहे. विजापूर रोडच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालो आणि पोट तिकडं घेऊन गेलं. हिवाळ्यात माझा बालमित्र आणि वहिनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई बघायला आले. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवारीच या असं मी बजावलं होतं. मित्र यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे. माग अडला की नुसत्या खटक्यावरून कुठं बिघडलंय ते सांगतो.

गेटवेवर फोटो झाले. १९११ साली राजा आला तेव्हा ही कमान नव्हतीच, ती पुरी व्हायला १९२४ उजाडलं, हे ऐकून वहिनींना नवल वाटलं. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची स्पीडबोट प्रवासी लाँचवर आदळली, त्या अपघातानंतर लाइफ जॅकेटची कडक शिस्त आहे. दोघांनाही मी स्वतः पट्टे आवळून दिले. वहिनी वरच्या डेकवर गेल्या. मित्र म्हणाला, "समुद्र काय पळून जातोय का बे? आधी तुझं इंजिन दाखव."

खाली उष्मा, डिझेलचा वास, कानठळ्या. समुद्राचं पाणी आत घेऊन इंजिन कसं गार ठेवतात आणि तेच पाणी धुराबरोबर बाहेर कसं टाकतात, ते मी त्याला ओरडून सांगितलं. बुचर आयलंड जवळ आलं तेव्हा त्यानं माझा दंड धरला. "आवाज कोरडा झालाय बे."

इंजिनची गरमी दाखवणाऱ्या मीटरचा काटा अजून जागच्या जागीच होता. तरी मी वर धावलो आणि कठड्यावरून वाकून बघितलं. एरवी भसाभसा पडणारं पाणी करंगळीएवढ्या धारेवर आलं होतं. नुसता धूर फुकफुकत होता. लाँच चालवणाऱ्या आमच्या सारंगांना हाक दिली, "मामा, स्पीड तोडा!" त्यांनी जहाजांच्या वाटेतून लाँच बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, खलाशांनी नांगर टाकला. भरलेली लाँच ओहोटीत डुलायला लागली, पोरं रडायला लागली.

मी पाणी आत घेणारा कॉक बंद केला आणि गाळणीचं झाकण सोडलं. मित्रानं टॉर्च धरला. जाळीला एक पातळ काळी पिशवी गुंडाळून बसली होती, इतकी घट्ट की नखानं सोलून काढावी लागली. ती हातात घेतली तेव्हा माझं डोकंच फिरलं. अशी एक पिशवी इंजिन जाळू शकते, आणि इंजिन मेलं की एवढी माणसं मोठ्या जहाजांच्या तोंडाशी वाहत जातात. बंदरात कचरा टाकणाऱ्याला मी एकदा तरी या खोलीत उभा करीन.

कॉक उघडला, इंजिन चालू केलं, धार पुन्हा जोरात पडली. मित्र डोळे मिटून ऐकत होता. मग मान हलवली. "आता ओला हाय."

त्यानं ऐकलं नसतं तर काटा चढल्यावर मला कळलंच असतं, पण तोवर पाणी ओढणाऱ्या पंपाचा पंखा, म्हणजे इंपेलर, गेला असता. मामांनी त्याला स्वतःच्या डब्यातले तळलेले बोंबील दिले. वहिनींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली.

घारापुरीच्या पायऱ्या चढून गेलो. सहा मीटरच्या आसपास उंचीच्या त्या तीन मुखांपुढं वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या. "अडुसष्ट लिंगांच्या गावाहून आलोय, इथंही महादेवच भेटला," म्हणाल्या. मित्राला मात्र बेटावर २०१८ साली समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटर केबलनं वीज आली, हेच जास्त भावलं.

परतीला तो पुन्हा खालीच. ताज दिसायला लागलं तशा वहिनी वरून हाका मारत होत्या, "अहो, या की वर!" तो काही आला नाही.