बघणार कोण?

रविवार, रात्री उशिरा

"आणि तू उद्या पुण्याला गेलास, तर हे बघणार कोण रे?" अण्णांनी दुपारी सहज विचारले आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. पुढे दिसणाऱ्या पानांसाठी रिॲक्ट, मागे सर्व्हरवर नोड, मध्ये दोघांना जोडणारा एपीआय, असा वेब-ॲपचा आराखडा तीन आठवडे जागून मी त्यांच्या भाड्याच्या मंडप-भांड्यांच्या हिशेबासाठी केला होता. त्यावर एवढाच प्रश्न! आपल्या कष्टांची इथे कोणाला किंमत नाही, असे पुटपुटत मी घरी आलो.

राग खरे तर त्यांच्यावर नव्हता. २०१५ साली एका क्लासचालकांना मी अँग्युलरजेएस या वेब-ॲप बांधण्याच्या तयार चौकटीत प्रवेशनोंदणीचे ॲप करून दिले होते. पुढच्याच वर्षी तिची पुढची आवृत्ती अँग्युलर २ आली, तीही मुळापासून नव्याने लिहिलेली, आणि २०२१ संपताना जुन्याच्या सुरक्षा-दुरुस्त्याही थांबल्या. त्यांचा फोन आला तेव्हा मी काय बोललो, ते इथे लिहवत नाही.

अण्णांची लाल कापडी वही समोर उघडी आहे. डावीकडे गेलेला माल, उजवीकडे आलेला. "ओगराळी १०, आली ८, येणे २", आणि त्यावर शिसपेन्सिलीची फुली. ऐन लग्नसराईतही दिवसाला सात-आठ नोंदी आणि त्या करणारी माणसे तीन. एवढ्यासाठी मी रिॲक्ट काढले होते!

माझ्या मनाने मग पायथन भाषेतल्या जँगो या चौकटीकडे धाव घेतली. त्यात नोंदी भरण्याची, शोधण्याची ॲडमिनची पाने आयती मिळतात आणि एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या, आवृत्तीला तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. पण बघणार कोण? आमच्या गावात पायथन येणारा मीच. पीएचपी भाषेतले काम मात्र स्टँडमागच्या क्लासमधली पोरेही करतात आणि ते साध्या, स्वस्त होस्टिंगवर चालते. म्हणजे पीएचपीतली चौकट, लारावेल. त्याची नवी आवृत्ती दरवर्षी येते, सुरक्षा-दुरुस्त्या दोनच वर्षे मिळतात, तेव्हा बघणारा लागणारच. फक्त तो मीच असला पाहिजे असे नाही. हे कबूल करायला मला मध्यरात्र उजाडावी लागली, कारण पीएचपीला नाके मुरडण्यात माझी दहा वर्षे गेली आहेत.

आता डेटाबेसमधला पहिला तक्ता तयार झाला आहे. त्यातल्या 'येणे'च्या रकान्याला चांगले इंग्रजी नाव बराच वेळ शोधले. शेवटी रोमन अक्षरांत 'येणे' असेच ठेवले. बघणाऱ्याला कळेल.