माशाच्या कानातली वर्षं

नॉर्वेतल्या बर्गनमधला हा माझा दुसरा हिवाळा. डिसेंबरात इथे साडेनऊ वाजून गेले तरी नीट उजाडत नाही आणि दुपारी साडेतीनला दिवेलागण होते. तो सगळा वेळ मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कॉड माशांची वयं मोजते.

वडोदऱ्याहून आईचा फोन आला की प्रश्न ठरलेला: "अगं, पण माशाचं वय कळतं कसं?" माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी चुन्याचे खडे असतात. त्यांना ओटोलिथ म्हणतात. कॉडचा खडा वालाच्या दाण्यापेक्षा जरा लांबट, कडा नक्षीसारख्या. तो मधोमध मोडून प्रकाशात धरायचा. उन्हाळ्यात मासा भराभर वाढतो, त्याचा रुंद पांढरा पट्टा दिसतो. हिवाळ्यात वाढ मंदावते, त्याची बारीक गडद रेघ. परवा एका खड्यात बारा रेघा मोजल्या. सातवीनंतर त्या एकदम दाटीवाटीने होत्या. मासा वयात आला होता, खाल्लेलं अन्न अंगी लागण्याऐवजी अंड्यांकडे जात होतं. मी बराच वेळ तो खडा बाजूला ठेवला नाही.

हे वय मोजणं कशासाठी, ते इथल्याच मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ साली दाखवून दिलं. मासळी कमी मिळाली की ती दुसरीकडे गेली, असं तोवर मानत. त्यांच्या चमूने हेरिंग माशांच्या खवल्यांवरच्या रेघा मोजल्या, तेव्हा १९०४ साली जन्मलेली एकच पिढी वर्षानुवर्षं जाळ्यात भरत होती. म्हणजे त्या साली पिल्लं किती जगली, त्यावर पुढचं सगळं. आजही नॉर्वे आणि रशिया बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडचा कोटा, म्हणजे किती मासे पकडायचे ते ठरवतात, तो अशाच मोजणीच्या आधारावर.

आणि मग मला मोदार आठवते. आम्ही सीकेपी. आषाढात काका भरूचहून मोदार आणायचे, बंगाली जिला हिल्सा म्हणतात ती, पोटात गाबोळी असलेली. पावसाचं गोडं पाणी खाली आलं की ती समुद्रातून नर्मदेत अंडी घालायला चढते. वर धरणं झाली, खाली येणारं गोडं पाणी घटलं, मोदारही घटली. आता भाडभूतजवळ बंधाराही बांधला जातोय. भरूचचे मच्छीमार त्याला विरोध करतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

मोदारच्या खड्यातही तिचा प्रवास लिहिलेला असतो. समुद्राच्या पाण्यात स्ट्राँशियम हे मूलद्रव्य जास्त, नदीत कमी. ते थरांथरांत साचतं, त्यावरून मासा खाऱ्यातून गोड्यात कधी आला ते काढता येतं. नद्यांमधल्या मासळीचा अभ्यास करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं एक केंद्र आपल्या वडोदऱ्यातच आहे. तिथे वाढूनही मला ते बर्गनला आल्यावर कळलं, याचं वाईट वाटतं.

आईला सांगून ठेवलंय, यंदा मोदार मिळाली तर डोकं टाकू नकोस. आत तांदळाच्या कणीएवढे दोन खडे असतील, ते धुऊन, कोरडे करून कागदाच्या पुडीत ठेव. वर तारीख लिही.