सोलापूरचा हुरडा आणि अमेरिकेतला धोतरा

संक्रांतीच्या आठवड्यात सोलापुरात लॉजवर खोली मिळणं अवघड. ओळखीच्या घरी उतरलं तर खोली मिळते, पण मग ताटावरून उठणं अवघड. मी दुसरा मार्ग पत्करला. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्यानंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. गाडीचं नाव त्या चौघांच्या आठवणीचं. कुर्डुवाडी मागे पडली तसं डब्यातल्या मराठीत कानडी मिसळायला लागली, आणि स्टेशनवर उतरलो तेव्हा रिक्षावाला फोनवर तेलुगूत कुणाला तरी झापत होता.

गड्ड्याबद्दल, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेबद्दल, पुष्कळांनी लिहिलंय, त्यामुळे थोडक्यात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज तोलत निघतात, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा पुकारा होतो, आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. संमती कट्ट्यावरच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता मी फार लांबून पाहिल्या. होम मैदानावरचे पाळणे मात्र जवळून पाहिले, कारण गर्दीनंच तिकडे ढकलत नेलं.

मला खरी ओढ होती ती जनावरांच्या बाजाराची. तो विजापूर रोडला रेवणसिद्धेश्वराच्या देवळाजवळ भरतो. मित्राचे वडील बरोबर होते. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. आप्पांच्या वडलांचा सोलापूर स्टेशनवर टांगा होता. आप्पा स्वतः बँकेत नोकरीला लागून पुण्यात राहिले आणि तिथं कॅम्पातल्या रेसकोर्सची त्यांना जी चटक लागली ती निवृत्त होऊन रान कसायला लागले तरी सुटलेली नाही. पैसे लावणं कधीच बंद केलंय, निदान घरात तरी तसंच सांगतात.

बाजारात एका खिलार खोंडापाशी थांबलो. पांढराशुभ्र, शिंगं मागं गेलेली, अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरायची. शर्यतीचा माल. मी त्याच्याकडेच बघत होतो. आप्पांनी जबडा उघडून दात पाहिले, 'आदत आहे', म्हणजे अजून दुधाचेच दात, म्हणाले आणि लगेच मालकाकडे वळून गाव, वडलांचं नाव, याआधीची बैलं कुणाला विकली, सगळं विचारून घेतलं. दोन दलाल शेजारी रुमालाखाली बोटं धरून भाव करत होते. तिथून निघाल्यावर आप्पा मला म्हणाले, "खोंड झ्याक आहे. पण तू नुसतं जनावर बघायलास. ज्यानं पोसलंय त्याला कोण बघणार?"

मोठं जनावर की त्याला पोसणारा, यावरून वाद पेटला, आणि तो थेट अक्कलकोट रोडच्या त्यांच्या रानात, हुरड्याच्या आगटीपर्यंत आला. पेटवणारा आप्पांचा नातू. शिरवळला जनावरांचा डॉक्टर व्हायला शिकतोय, आणि फोनच्या पडद्यावर कुणा नटीच्या जागी जस्टिफाय नावाच्या अमेरिकन घोड्याचा फोटो.

"आज्जा, बैलाचं ठीक आहे. पण जस्टिफाय बघा की. सहा पळाला, सहा जिंकला. ट्रेनर कोण होता त्याचं घोड्याला काय?"

ज्यांना हा घोडा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन शर्यती पाच आठवड्यांत होतात: केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट. तिन्ही जिंकला की ट्रिपल क्राउन. जस्टिफायनं २०१८ मध्ये तो मिळवला; त्याच्याआधी फक्त बाराच घोड्यांना जमलं होतं. त्यातही तो दोन वर्षांचा असताना एकदाही पळाला नव्हता, आणि असा घोडा डर्बी जिंकण्याची गोष्ट त्याआधी १८८२ मध्ये घडली होती, अपोलो नावाच्या घोड्याच्या बाबतीत. जस्टिफायची पहिली शर्यत १८ फेब्रुवारीला, बेलमाँट ९ जूनला. चार महिन्यांच्या आत पोरगा शाळेत गेला आणि पीएचडी होऊन बाहेर आला. मग पायाला सूज आली आणि तो पुन्हा पळालाच नाही.

आप्पांचं म्हणणं तिथंच अडलं. "सहा शर्यतींत काय कळतंय? सेक्रेटेरिएट २१ पळाला. पाच हरला. तरी त्याचं नाव घेतल्यावर माणसं टोपी काढतात."

हे मात्र नातवालाही नाकारता येईना. सेक्रेटेरिएटनं १९७३ मध्ये बेलमाँट ३१ लेंग्थनं, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं जिंकली, दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत, आणि मातीच्या ट्रॅकवर तो वेळ अजून कुणी मोडलेला नाही. पण त्याच उन्हाळ्यात साराटोगाला ओनियन नावाच्या घोड्यानं त्याला हरवलं, आणि सप्टेंबरात प्रूव्ह आऊटनं. दोन्ही घोडे एकाच ट्रेनरचे, ॲलन जर्केन्सचे. आप्पांचा खरा देव हा जर्केन्स. "लुसियन लॉरिनकडे सेक्रेटेरिएट होता. त्याचा मुलगा नोकरी सोडून दुसऱ्या तबेल्यात गेला म्हणून निवृत्त व्हायला निघालेल्या बापाला तो तबेला मिळाला. नशीब! जर्केन्सकडे कांदा होता, आणि कांद्यानं राजाला पाडलं. आता सांग, मोठा ट्रेनर कोण?"

मला हे पटत नाही. लॉरिननं आदल्या वर्षी रिव्हा रिजला डर्बी आणि बेलमाँट जिंकून दिली होती. अव्वल घोडा हातात आला तर त्याचं वाटोळं न करणं ही कमी अक्कल नव्हे. पण आप्पांपुढे हे बोलायला मधे श्वास घ्यायची जागा हवी, ती मिळाली नाही.

आगटीत गोवऱ्यांचा विस्तव नीट पडला होता. गडी राखेत कणसं खुपसायचा, दाणे फुगून वास सुटला की बाहेर काढायचा आणि गरम कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून कोंडा उडवून हिरवा दाणा पुढ्यात टाकायचा. शेंगा चटणी, गूळ, दह्याची वाटी. हात भाजत होते तरी कुणी थांबत नव्हतं. आजूबाजूला सगळं मालदांडी. ही ज्वारीची जात मोहोळच्या संशोधन केंद्रातून आली, आणि दाण्याइतकाच तिचा कडबाही नावाजलेला.

कडब्याचं नाव निघालं आणि नातवानं स्वतःच बॅफर्टचा विषय काढला. बॉब बॅफर्ट हा जस्टिफायचा ट्रेनर. केंटकी डर्बीपूर्वी, ७ एप्रिल २०१८ ला जस्टिफायनं सांता अनीता डर्बी जिंकली होती. त्या दिवशीच्या नमुन्यात स्कोपोलामाइन सापडलं, मर्यादा ७५ नॅनोग्रॅमची आणि आकडा ३००. हे द्रव्य धोतऱ्यात असतं. कॅलिफोर्नियात जिमसनवीड म्हणून जे तण गवतात उगवतं ते आपल्या धोतऱ्याचंच भाऊबंद. बॅफर्टची बाजू हीच होती की चाऱ्यातून आलं असणार. त्याच दिवसांत तिथल्या दुसऱ्याही काही घोड्यांत ते सापडलं होतं.

आप्पा उठले. बांधावर जाऊन धोतऱ्याचं वाळलेलं बोंड आणलं आणि चटणीच्या वाटीशेजारी ठेवलं. सुनबाईंनी ते लगेच उचलून लांब फेकलं, पण तेवढ्यात मी बघून घेतलं: लिंबाएवढं, चहूबाजूंनी काटे, चार फाकांत उललेलं, आत चपट्या मळकट बिया. दोन दिवसांपूर्वी देवळाबाहेर याचीच पांढरी फुलं बेलाबरोबर महादेवाला वाहायला विकत होते.

"हिरवा धोतरा जनावर तोंडात धरत नाही," आप्पा म्हणाले, "कडू असतो. पण वाळून पेंढीत आला तर त्याला काय कळतंय? माझ्या बापाच्या टांग्याच्या घोड्यानं एकदा खाल्ला. डोळे ताठ, तोंड कोरडं, पाण्याकडे बघेना. दोन दिवस टांगा उभा."

"म्हणजे बॅफर्ट खरंच बोलत असंल, आज्जा!"

"असंल की. मी कुठं खोटा म्हणतोय? पण बापानं गवतवाल्याला शिव्या घातल्या का? नाही. स्वतःच्या तोंडात मारून घेतली. पेंढी सोडून बघायचं काम त्याचं होतं."

अमेरिकेतल्या रेसिंगचा नियम जवळपास हाच आहे. घोड्याच्या अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी ट्रेनरची, ते कुणी घातलं आणि कसं आलं हा नंतरचा प्रश्न. मला वाटतं, जस्टिफायच्या प्रकरणात सगळ्यांत वाईट वागणं ट्रेनरचं नव्हतंच, ते मंडळाचं होतं. प्रयोगशाळेचा अहवाल कॅलिफोर्नियाच्या रेसिंग बोर्डाकडे १८ एप्रिलला आला. केंटकी डर्बी ५ मे रोजी. सांता अनीताचा निकाल रद्द झाला असता तर जस्टिफायला डर्बीत उतरण्याइतके गुणच उरले नसते. बोर्डानं काही जाहीर केलं नाही, ऑगस्टमध्ये बंद दाराआड प्रकरण मिटवलं, आणि जगाला कळलं ते सप्टेंबर २०१९ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्समधून. सांता अनीताला दुसरा आलेल्या बोल्ट डी'ओरोच्या मालकानं हे वाचलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याची आमच्या आगटीभोवती कुणालाच कल्पना करावी लागली नाही. गावच्या शर्यतीत असं झालं असतं तर काठ्या निघाल्या असत्या.

उघडपणे सुनावणी झाली असती तर बॅफर्टचा धोतऱ्याचा बचाव कदाचित टिकलाही असता. झाकल्यामुळे बॅफर्ट कायमचा संशयात राहिला, आणि घोड्यालाही सोबत घेऊन बसला. पुढं २०२१ मध्ये त्याचाच मेडिना स्पिरिट डर्बी जिंकला, त्याच्यात बीटामेथासोन हे सूज उतरवणारं औषध सापडलं, आणि तो विजय काढून घेतला गेला. बॅफर्टकडून कातडीच्या मलमाचं कारण आलं. तेही खरं असेल. पण तोवर लोकांनी खुलासे ऐकणं सोडलं होतं. मेडिना स्पिरिट त्याच डिसेंबरात सरावानंतर सांता अनीताला कोसळून मेला.

मी हेन्री सेसिलचं उदाहरण दिलं. इंग्लंडचा हा ट्रेनर दहा वेळा चॅम्पियन, पण २००५ च्या अख्ख्या सीझनमध्ये त्याचे जेमतेम बारा विजय. घोडे काढून नेले लोकांनी. मग फ्रँकेल आला: १४ शर्यती, १४ विजय. सेसिल कॅन्सरशी झुंजत त्याला पळवत होता, आणि फ्रँकेल निवृत्त झाल्यावर वर्षभराच्या आत तो गेला. इथं घोड्यानं ट्रेनरचं नाव वर काढलं. आप्पांनी मान डोलावली, पण नातवानं बरोबर पकडलं: "काका, फ्रँकेल इंग्लंडबाहेर कधी पळाला? दीड मैल कधी पळाला? मग तो मोठा आणि माझा जस्टिफाय छोटा का?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे स्क्वांडरर या भारतीय घोड्याचं नाव आप्पा देवासारखं घेतात, रशीद बैरामजींच्या तबेल्यातला, १९ पैकी १८ जिंकलेला. तोही काही जगभर हिंडला नव्हता. घोडा जिथं उतरवला तिथंच पळणार. कुठं उतरवायचा, किती पळवायचा, कधी थांबवायचा, हे ठरवणारा दुसराच.

मग नातवानं हुकमाचा एक्का टाकला. जस्टिफायचा मुलगा सिटी ऑफ ट्रॉय, २०२४ ची इंग्लंडमधली एप्सम डर्बी जिंकला, तीही मातीऐवजी हिरवळीवर. "रक्त खोटं बोलत नाही, आज्जा."

"बी मालदांडीचं आहे म्हणून बाप चांगला पिकला होता असं ठरत नाही," आप्पा म्हणाले. "तेवढं बी चांगलं होतं एवढंच ठरतं."

माझं मत मी शेवटी सांगितलं, आणि ते दोघांनाही आवडलं नाही. धोतरा बाजूला ठेवा. ट्रेनर बाजूला ठेवायचा असेल तर त्याच ट्रेनरचा दुसरा घोडा घ्या. अमेरिकन फेरोह, २०१५ चा ट्रिपल क्राउन, ३७ वर्षांनी आलेला. तोही बॅफर्टचाच. तो ऑगस्टमध्ये साराटोगाला ट्रॅव्हर्सची शर्यत हरला, कीन आइसनं शेवटच्या पट्ट्यात गाठलं. आणि ऑक्टोबरअखेर कीनलँडला वयानं मोठ्या घोड्यांशी भिडून ब्रीडर्स कप क्लासिक साडेसहा लेंग्थनं नेली. तबेला तोच, हात तेच. फरक एवढाच की फेरोहला हरून परत यावं लागलं, थोरांशी पळावं लागलं. जस्टिफायवर ती वेळ आली नाही. म्हणून फेरोह वर, जस्टिफाय खाली. सहापैकी एक काढून घेतली तरी माझा क्रम हाच राहतो, न काढली तरी हाच.

"म्हणजे बॅफर्टला सोडून दिलंस?" आप्पा.

"नाही. त्याच्या सहा डर्ब्या मी मान्य करतो. पण खोंड विकायला आणला तर दात दोनदा बघेन."

आप्पा हसले, पण क्रम त्यांनी मानला नाही. त्यांच्या लेखी सेक्रेटेरिएट पहिला, आणि जस्टिफाय पहिल्या दहात नाहीच. नातू काही न बोलता कणसं सोलत बसला.

परतीच्या गाडीत मोहोळच्या आसपास त्याचा व्हॉट्सॲप आला: २०१८ च्या केंटकी डर्बीचा व्हिडिओ, आणि खाली, "चिखल बघा काका, मग बोला." डर्बीच्या इतिहासातला तो सगळ्यांत जास्त पावसाचा दिवस. व्हिडिओ दोनदा बघितला. सगळे घोडे आणि जॉकी चिखलानं माखलेले, आणि पुढं पळत असल्यामुळे जस्टिफाय त्या मानानं स्वच्छ. भन्नाट पळालाय, यात वाद नाही. तसं कळवलं, आणि खाली फेरोहच्या कीनलँडच्या शर्यतीचा व्हिडिओ पाठवून दिला.