तुम्ही विचारलंत म्हणून: पोलंडला युरोपीय संघातून हाकलून का दिलं नाही?

न्यायालयं सत्ताधाऱ्यांच्या मुठीत गेली, तरी युरोपीय संघाने पोलंडला बाहेर का काढलं नाही, हा प्रश्न हमखास येतो. काढता येत नाही, हे त्याचं साधं उत्तर. संघाच्या करारातल्या कलम 50 प्रमाणे एखादा देश आपणहून बाहेर पडू शकतो. त्याला ढकलून देण्याची तरतूद करारात कुठेच नाही.

मग कलम 7 कशासाठी? त्याने फार तर सदस्याचा मताधिकार गोठवता येतो. 'संघाच्या मूल्यांच्या गंभीर उल्लंघनाचा धोका आहे' एवढं म्हणायलाच चार-पंचमांश देशांची संमती लागते, आणि 'उल्लंघन झालंच आहे' असं ठरवायला आरोपी सोडून बाकी सगळ्यांची. पोलंडवर डिसेंबर 2017 मध्ये ही कारवाई सुरू झाली, हंगेरीवर सप्टेंबर 2018 मध्ये. आरोपी दोन झाले की दोघं एकमेकांना वाचवतात. कलम तिथेच संपतं.

आधी पोलंडमध्ये नेमकं काय झालं ते बघू, कारण 'न्यायालयं ताब्यात घेतली' हे फार मोघम आहे. 2015 च्या शेवटी 'कायदा आणि न्याय' पक्ष सत्तेवर आला. कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या घटनात्मक न्यायाधिकरणाच्या तीन जागांवर आधीच्या संसदेने रीतसर निवड केली होती. राष्ट्राध्यक्षांनी त्या तिघांना शपथच दिली नाही, आणि नव्या संसदेने तिथे आपली माणसं बसवली. पण माझ्या मते खरा घाव डिसेंबर 2017 चा. न्यायाधीशांच्या नेमणुकांची शिफारस करणाऱ्या राष्ट्रीय न्यायपरिषदेत 25 सदस्य, त्यांतले 15 न्यायाधीश. या पंधरा जणांना तोवर न्यायाधीशच निवडायचे, तो अधिकार संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेला. एकाही न्यायाधीशाला काढायची गरज उरली नाही. नवे येतील ते याच चाळणीतून येणार. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाचं निवृत्तीचं वय 70 वरून 65 वर आणलं, म्हणजे तिथले एक-तृतीयांशाहून जास्त न्यायाधीश एका फटक्यात घरी. हंगेरीने 2012 मध्ये हाच डाव टाकला होता, 70 वरून 62.

हंगेरीच्या त्या प्रकरणात संघाला वयावरून भेदभावाचा मुद्दा पुढे करावा लागला होता, कारण न्यायालयाच्या स्वातंत्र्यावरून थेट दावा लावायची वाट तेव्हा मळलेली नव्हती. ती पोर्तुगालने मळली, तीही पगाराच्या भांडणातून. आर्थिक काटकसरीत तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार कापले गेले, आणि त्यांच्या संघटनेने दावा लावला. 27 फेब्रुवारी 2018 ला लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. कपात सगळ्याच सरकारी नोकरांची, तात्पुरती होती, म्हणून न्यायाधीश हरले. पण निकालात एक गोष्ट बसवून ठेवली: देशातलं जे न्यायालय युरोपीय कायदा लावू शकतं, ते कलम 19 प्रमाणे स्वतंत्र असलंच पाहिजे. असं न्यायालय म्हणजे जवळपास प्रत्येक न्यायालय. त्यामुळे 'आमच्या घरातला मामला' ही सबब संपली.

पुढची हत्यारं तिथूनच आली. निवृत्तीच्या वयावर ऑक्टोबर 2018 मध्ये अंतरिम आदेश निघाला, तेव्हा पोलंडने माघार घेतली आणि न्यायाधीश परत आले. न्यायाधीशांवर शिस्तभंगाची कारवाई करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयातल्या खास विभागावर जुलै 2021 मध्ये आदेश निघाला, तो मात्र पाळला नाही. म्हणून 27 ऑक्टोबर 2021 ला दिवसाला 10 लाख युरोचा दंड लागला. तोही पोलंड भरेना, तेव्हा युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, पोलंडला मिळणाऱ्या निधीतून तो वळता करून घेतला. एप्रिल 2023 मध्ये, काही बदल झाल्यावर, दंड निम्म्यावर आला.

'आता सरकार बदललं, मग झालं ना ठीक?' हा पुढचा प्रश्न. डिसेंबर 2023 मध्ये तोवर विरोधात असलेल्या डोनाल्ड टुस्क यांचं सरकार आलं, न्यायालयांच्या प्रश्नावरून संघाने अडवून ठेवलेल्या निधीची वाट मोकळी झाली, मे 2024 मध्ये कलम 7 ची कारवाईही बंद झाली. पैशाचं काम लवकर उरकतं. न्यायपरिषदेचा कायदा बदलायला मात्र राष्ट्राध्यक्षांची सही लागते, आणि त्यांनी नकाराधिकार वापरला तर तो उलटवायला तीन-पंचमांश मतं हवीत. सत्ताधारी आघाडीकडे तेवढी नाहीत. 2024 मध्ये दुरुस्ती मंजूर झाली, तर 'कायदा आणि न्याय' पक्षाच्या बाजूच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी ती त्याच वादग्रस्त घटनात्मक न्यायाधिकरणाकडे धाडली!

सर्वांत मोठी गाठ वेगळीच आहे. नव्या परिषदेच्या शिफारशीने 2018 नंतर नेमलेल्या न्यायाधीशांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली. सगळ्यांना काढावं, तर आधीच्या सरकारने केलं तेच पुन्हा करायचं. ठेवावं, तर त्यांच्या प्रत्येक निकालावर हरकत येऊ शकते. आणि निकाल म्हणजे काही फक्त राजकीय खटले नव्हेत. वारसाहक्क, कर्जवसुली, घटस्फोट, सगळंच त्यात आलं. असा निकाल रद्दबातल धरायचा, तर त्या घटस्फोटावर विसंबून ज्याने दुसरं लग्न केलं, त्याचं कोणतं लग्न कायदेशीर?