'होगो' आणि 'होगरी'

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील ज्या गावात मी शिकवते, तेथे सरकारी मराठी शाळा आणि कन्नड शाळा एकाच आवारात भरतात. त्यामुळे मैदान एक, नळ एक आणि मधल्या सुट्टीतील भांडणेही सामायिक. मुलांच्या भांडणात मुलांनीच मध्यस्थी करावी, यासाठी दोन्ही शाळांतील काही मुलांना आम्ही तयार करत होतो. एकाचे बोलणे संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे, मध्यस्थाने ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगायचे आणि निवाडा मात्र द्यायचा नाही, एवढेच नियम होते. मारहाण, चोरी किंवा एकाच मुलाला सतत दिला जाणारा त्रास ही प्रकरणे थेट शिक्षकांकडे यायची, कारण तेथे दोन्ही बाजू बरोबरीच्या नसतात.

त्या दिवशी आमचा सातवीतला मुलगा आणि कन्नड शाळेतला आठवीतला मुलगा क्रिकेटच्या जागेवरून हमरीतुमरीवर आले होते. मध्यस्थ म्हणून एक मराठी मुलगी आणि एक कन्नड मुलगा बसले. मी व्हरांड्यात, ऐकू येईल इतक्या अंतरावर. जागेचे वार ठरवून द्यावेत, असे माझ्या ओठांवर आले होते. सवय मोडणे मुलांपेक्षा शिक्षकांनाच जड जाते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मोठा मुलगा कन्नडमध्ये बोलला. मध्यस्थ मुलीने ते मराठीत सांगताना मध्येच थांबून विचारले, "जागेचा राग आहे, की तो तुला 'होगो' म्हणाला त्याचा?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, की वर्गातल्या पोरांसमोर धाकट्याने आपल्याला एकेरीत 'जा' म्हटले. आमच्या मुलाचा चेहरा उतरला. त्याचे सारे कन्नड मैदानावर, बरोबरीच्या पोरांकडून शिकलेले. मोठ्यांना आदराचा 'री' लावून 'होगरी' म्हणायचे असते, हे त्याला ठाऊक असूनही जिभेवर कधी बसलेच नव्हते.

त्यानंतर जागेचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. करार दोन्ही भाषांत लिहिला गेला. त्यात 'मोठ्यांना री लावणे' एवढेच कलम पाहून मुलीने पेन खाली ठेवले आणि आठवीतल्या मुलाला विचारले, "आणि तू काय करणार?" त्याने थोडा विचार करून स्वतःच्या हाताने खाली लिहिले, की लहान मुले खेळत असताना न विचारता स्टंप उपटणार नाही.