खांदा सुटला की बोटं सुटतात: शांघायच्या बागेतलं छीगोंग

शांघायच्या फूशिंग पार्कमध्ये (ही बाग फ्रेंचांनी 1909 साली उघडली) सकाळी फिरायला गेलात तर झाडांखाली एखाद्या लहानशा स्पीकरवर संथ सूचना चालू असतात आणि दहा-पंधरा जण त्या आवाजावर हात वरखाली करत असतात. बरेचदा ते बादुआनजिन असतं, म्हणजे छीगोंगमधला (श्वास आणि संथ हालचालींचा चिनी व्यायाम) आठ हालचालींचा जुना संच. चीनच्या क्रीडा खात्याने 2003 साली त्याचा प्रमाणित नमुना ठरवला. पूर्ण संचाला साधारण 12 मिनिटं लागतात. पण माऊस आणि मोबाइल धरून हात भरून येत असतील, तर त्यातल्या दोन हालचाली आणि त्याआधी थोडं हात झुलवणं एवढ्यानेही भागतं.

छीगोंगमधली ‘छी’, म्हणजे चिनी परंपरेतली प्राणशक्ती, नक्की काय, या वादात पडायचं कारण नाही; साधं शरीरशास्त्र पुरे. बोटं मिटणारे आणि उघडणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराच्या आसपास सुरू होतात आणि त्यांच्या कंडरा मनगटातून पुढे जातात. म्हणून नुसती बोटं मोडून आराम पडतो तो घटकाभरच. बागेतले शिक्षक सारखं ‘फांगसोंग’ म्हणतात, म्हणजे सैल सोडा. त्यांचा रोख खांद्यावर आणि कोपरावर असतो.

आधी झुलवणं, चिनी नाव शुआयशौ. पावलं खांद्याइतकी दूर, गुडघे किंचित सैल. दोन्ही हात एकदम मागे न्या, तेवढाच काय तो जोर. पुढे त्यांना आपसूक येऊ द्या, बेंबीच्या उंचीपर्यंत. दोन मिनिटं पुरेत. मनगटातून झटके देऊ नका, दुखऱ्या मनगटाला तेच भोवतं.

मग धनुष्य ओढणं. ही माझ्या मते संचातली सर्वांत कामाची हालचाल, आणि सगळ्यात जास्त बिघडते तीही हीच. मनगटं छातीपुढे एकमेकांवर ठेवा, पाय फाकवून थोडं खाली बसा. उजव्या हाताची बोटं आकड्यासारखी वळवून तो उजव्या खांद्यापुढे ओढा. त्याच वेळी डावा हात खांद्याच्या उंचीवर डावीकडे ढकला. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ताठ, बाकीची तीन बोटं दुमडलेली, तळहात बाहेर. नजर तर्जनीवर. क्षणभर थांबा, परत या, मग दुसरी बाजू. दोन्ही बाजूंना तीन-तीनदा.

बिघडतं ते असं: हात ढकलताना खांदा कानाकडे चढतो. मग मानेचा स्नायू आवळतो आणि ज्या ताणासाठी खटाटोप केला तोच वाढतो. खांदा खाली टाका, कोपर किंचित वाकलेलं राहू द्या. मनगट काटकोनात उभं करायचं असतं, पण दुखत असेल तर निम्म्यावरच थांबा. ताकद दहातली सात. श्वास मात्र कुठेही कोंडायचा नाही.

तिसरी हालचाल मुठीची. अंगठ्याचं टोक अनामिकेच्या मुळाशी टेका आणि चारही बोटं त्यावर मिटा. मूठ कमरेपासून सावकाश पुढे न्या, डोळे मोठे करा. (वटारलेले डोळे बघून सुरुवातीला हसू येतं, पण संचात ते आहेतच.) शेवटी मूठ उघडा, अंगठ्याची बाजू खाली करून तळहात गोल फिरवा, तळवा वर आला की पुन्हा मूठ आवळून कमरेशी ओढा. प्रत्येक हाताने तीनदा. खरा फायदा या फिरवण्यात आहे, कारण टायपिंग करताना तळवा तासन्‌तास खालीच असतो. पूर्ण वाटभर मूठ करकचून धरली तर मात्र कोपराची बाहेरची बाजू ठणकायला लागते.

सूर्यनमस्काराच्या सवयीने आपण आकडे गाठायला धावतो. इथे एका हालचालीला एक पूर्ण श्वास आत-बाहेर लागलाच पाहिजे.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर मनगटात नस दाबली जात असू शकते. तेव्हा आधी डॉक्टर, बाग नंतर.