फाल्गुनातली धावपळ
होळीच्या सुमारास नागपूरजवळच्या आमच्या शेतात गव्हाची कापणी आणि मृग बहराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलोऱ्याच्या) संत्र्यांची तोडणी एकाच वेळी येते, त्यामुळे मजूर मिळवणे हेच घरातील मोठ्यांचे मुख्य काम होऊन बसते. हरभरा तोवर मळून झालेला असतो. आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस आलेल्या फुलोऱ्याची संत्री मात्र याच दिवसांत अगदी लहान असतात आणि पाण्याची पाळी चुकली तर ती गळतात. म्हणून वीज रात्रीची असली, तरी बाबा स्वतः मोटार सुरू करायला जातात. गारपिटीच्या भीतीने ताडपत्री कायम हाताशी ठेवावी लागते. गुलाबी बोंडअळीला आसरा मिळू नये, यासाठी कपाशीच्या पऱ्हाट्या (वाळलेली झाडे) केव्हाच उपटल्या आहेत (आई त्यांतल्या थोड्या चुलीसाठी राखून ठेवते, यावरून आमचा दरवर्षी वाद होतो). संत्र्यांचा पहिला माल आता नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात जाईल.